पाखर गप्प असते तेव्हा

“सिस्टर, तुमच्या हातून आजवर कुणी गेलंय का?”

हा प्रश्न शाल्मलीचा स्वतःचा नव्हता. मधल्या सुट्टीत पोरींनी पैज लावली होती, की साळवे सिस्टरांना हे तोंडावर विचारून दाखव, मग महिनाभर तुझ्या पाळीचे कात्र्या-चिमटे आम्ही उकळू. दहावीपर्यंतची शाल्मली असती तर बाकाखाली शिरली असती. हजेरीला ‘यस मॅडम’ म्हणतानासुद्धा तिचा आवाज शेजारणीला ऐकू जायचा नाही. पण अकरावीला तिने शाळेतली नवी, बाळंतपणं करायला शिकवणारी प्रसविका शाखा घेतली आणि पोरीला नुसते पंख फुटले नाहीत, शिंगंही फुटली. कुणी म्हणावं ‘तुला नाही जमणार’, की हिचा हात वर.

साळवे सिस्टर हातमोजे काढत होत्या. बाई बारीक चणीची, आवाज मात्र कोरड्या खडूसारखा. त्या म्हणाल्या, “दोघी. एक माझ्या चुकीनं, एक कुणाच्याच चुकीनं नाही. जिच्यात माझी चूक नव्हती तिचा चेहरा आठवतो. दुसरीचा आठवत नाही. अजून काही?”

सिस्टर मोजे डब्यात टाकून वर्गाकडे वळल्या.

“पैज कशावर लागलीय?”

“कात्र्या उकळण्यावर, सिस्टर,” मागच्या बाकावरून रुकय्या म्हणाली. रुकय्या शाल्मलीची सगळ्यांत जवळची मैत्रीण. खोटं बोलता न येणं हा तिचा मोठा दोष होता.

“छान. मग शाल्मली जगताप उद्या मनन लिहून आणेल. विषय, मी हा प्रश्न का विचारला.”

शाल्मलीने लिहिलं. पैजेमुळे विचारला, हे पहिल्या ओळीत सांगून टाकलं आणि मग पुढे लिहिलं, की खरं तर विचारताना मला आतून वाटत होतं, उत्तर ‘हो’ असावं. ‘नाही’ असतं तर मजा गेली असती. कुणीतरी मेलेलं असावं असं मला वाटलं, ते फक्त मधली सुट्टी रंगावी म्हणून. हे मला आवडत नाही, पण हे आहे.

सोळा वर्षांच्या पोरीने स्वतःला असं सोलून ठेवलेलं पाहून साळवे सिस्टर काही बोलल्या नाहीत. पाखर बोलली. शाल्मलीच्या मनगटपट्टीवर चौथा दिवा लागला.

आता पाखर म्हणजे काय, ते सांगायला हवं. ही गोष्ट आहे २०४३ सालातली. सावरखेडच्या प्रसूतिकेंद्रात आलेल्या प्रत्येक बाईच्या पोटावर एक मऊ पट्टा बांधतात. गर्भाशय हा शेवटी एक स्नायूच. आवळताना त्यातून विजेची बारीक लहर जाते, जशी हृदयातून जाते. हृदयाची लहर डॉक्टर कधीपासून कागदावर उमटवतात, पाखर पोटाची ऐकते. बाळ बाहेर आलं, वार पडली, की ते गर्भाशय मुठीसारखं घट्ट आवळलं जायला हवं, म्हणजे आतल्या उघड्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. ते सैल पडलं तर बाई वाहून जाते, अगदी शब्दशः. पाखरला हे सैल पडणं माणसाच्या आधी कळतं. मग ती शिट्टी वाजवते आणि सगळे धावतात.

सुरुवातीला सगळा आनंदीआनंद होता. बायका वाचत होत्या. मग हळूहळू लक्षात आलं, की सिस्टरांचे हात आंधळे व्हायला लागलेत. शिट्टी झाली की पळायचं, नाही झाली की फोन बघायचा. एका केंद्रात पाखर एका दुपारी बंद पडली, आणि पोटावर हात ठेवून नेमकं काय चाचपायचं असतं हेच तिथे कुणाला आठवेना. त्या दुपारचं पुढचं सांगत नाही.

म्हणून शिकणाऱ्या मुलींसाठी ‘राखीव वेळ’ आली. खाटेशी विद्यार्थिनी असली, की धोका कळूनही पाखर लगेच शिट्टी वाजवत नाही. हिशेबाने जेवढा वेळ सुरक्षित, तेवढा वेळ गप्प बसते आणि पाहते, पोरीच्या हाताला आपलं आपण कळतंय का. पोरीच्या डोळ्यांवर चष्मा असतो, तिने काय पाहिलं ते त्यात नोंदलं जातं. मनगटपट्टीला हाताची हालचाल कळते. नंतर पोरीने मनन लिहायचं, हाताने, कागदावर. मी काय पाहिलं, मला काय वाटलं, मी काय केलं, पुढच्या वेळी काय करेन. पाखर ते वाचते आणि चष्म्याशी ताडून बघते.

इथे यंत्राला अशी एक गोष्ट सापडली, जी त्याला कुणी शिकवली नव्हती. ज्या मुली चुकतात आणि मग त्या चुकीवर खोल, खरं लिहितात, त्या ती चूक जन्मात पुन्हा करत नाहीत. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांची चूक वाया जाते. म्हणजे चांगलं लिहिणारीला चूक अंगी लागते, दूधतूप लागावं तशी. मग पाखरने सरळ हिशेब केला. चांगलं लिहिणारीसाठी जास्त वेळ गप्प बसायचं.

ही राखीव वेळ किती, हे पट्टीवरच्या दिव्यांवरून कळायचं. पोरी त्यांना बांगड्या म्हणायच्या. एक बांगडी म्हणजे पाखर तुझ्यासाठी जवळजवळ थांबतच नाही. पाच म्हणजे हद्द. ज्यांच्या पाच, त्यांना बारावीनंतर नर्सिंग कॉलेजात थेट जागा. त्यामुळे डब्यातल्या भाजीपेक्षा चर्चा याचीच. तुझ्या किती, तिच्या किती.

रुकय्याची एक. तिचं मनन असं असायचं: “रक्त आलं. पोट चोळलं. सिस्टरांना हाक मारली. थांबलं. बरं वाटलं.” पाखरने खाली शेरा दिला, ‘अधिक खोलात लिहा.’ रुकय्याने त्याखाली लिहिलं, “खोलात काय? रक्तच होतं.”

दिवाळीच्या सुट्टीआधी शाल्मलीची पाचवी लागली. सबंध केंद्रात एकटीची. ती बाही दुमडून फिरायला लागली.

शाल्मलीची थोरली बहीण वृंदाताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, ती साधारण तेव्हाच. तिच्या सासरी, भोईट्यांकडे, मोठ्या खाजगी दवाखान्यात नाव घालायचं चाललं होतं. पण पहिलं बाळंतपण माहेरचं, ते माहेरच्यांनीच निभावायचं, आणि शाल्मलीच्या आईने तर विहीणबाईंना फोनवर ठणकावलं होतं, “घरात सिस्टर असताना पोरगी परक्याच्या हाती कशाला देऊ?” वास्तविक घरातली सिस्टर अजून गणवेश घालून, वेण्यांना रिबीन बांधून शाळेत जात होती. पण आईला कोण सांगणार.

दोघी बहिणी केंद्रात नाव नोंदवायला गेल्या, तेव्हा खिडकीतल्या बाईने नेहमीचा प्रश्न विचारला. “विद्यार्थिनी चालेल का?”

वृंदाताई मागे वळली. कॉलेजात असताना तिने कबड्डीत जिल्हा गाजवलेला. नऊ महिन्यांचं पोट घेऊनही ती असं वळली, जणू कुणाची चढाई अडवायचीय. “काय गं शालू? चालेल म्हणू का नको म्हणू?”

‘नको’ म्हटलं असतं तर पाखर पहिल्या क्षणाला शिट्टी वाजवणार होती. आणि शाल्मली खाटेजवळ उभी राहू शकणार नव्हती. एवढाच फरक होता, आणि तो शाल्मलीला पाठ होता.

“चालेल म्हण,” ती म्हणाली. “मीच असेन ना.”

“मग काय,” वृंदाताई खिडकीतल्या बाईला म्हणाली. “आमचीच विद्यार्थिनी.”

रुकय्याने हे ऐकलं तेव्हा ती केंद्राच्या पायरीवर बसून पेरू खात होती. तिने पेरू खाली ठेवला. “तिला सांगितलंस? तुझ्या पाच आहेत म्हणून?”

“सांगायचं काय त्यात? पाच म्हणजे चांगलंच ना.”

“पाच म्हणजे पाखर तुझ्यासाठी सगळ्यांत जास्त वेळ गप्प राहणार. तिच्या पोटावर.”

“हो, कारण मला पाखरची गरज नाही.”

“बांगड्या लिहिण्याच्या आहेत बाई. हाताच्या नाहीत.” रुकय्याने पेरू परत उचलला. “माझ्या पाच असत्या, तर मी माझ्या बहिणीच्या खाटेशी नसते उभी राहिले.”

“तुझी एकच आहे, म्हणून जळतेस.”

“जळते की,” रुकय्या म्हणाली. “तरीपण.”

दोघी आठवडाभर बोलल्या नाहीत.

वृंदाताईला कळा सुरू झाल्या त्या सकाळी, पोहे खाताना. दुपारपर्यंत ती खाटेवर होती, साळवे सिस्टर पायाशी, शाल्मली उशाशी. बाहेर आई-बाबा. बाबा एसटीच्या बस डेपोत मेकॅनिक, त्यामुळे कुठलंही यंत्र दिसलं की त्यांना धीर येतो. पाखरचा पट्टा बघून ते आईला म्हणाले होते, “काळजी नको. सगळं कनेक्टेड आहे.”

वृंदाताई ओरडली नाही. तिने शाल्मलीचं बोट धरलं आणि असं दाबलं, की नख निळं पडलं. आणि शाल्मलीच्या डोक्यात ओळ आली. ‘लहानपणी रस्ता ओलांडताना मी तिचं बोट धरायचे, आज तिने माझं धरलं आणि रस्ता तिला एकटीलाच ओलांडायचा होता.’ तिला ती ओळ आवडली. तिने ती बाजूला ठेवली.

ही सवय तिला पाचवी बांगडी लागल्यापासून जडली होती. हात काम करायचे आणि डोकं आधीच लिहायला बसायचं. पूर्वी ती घडलेलं आठवून लिहायची. आता घडता घडताच शब्द जुळवायची, नंतर कुठे विसरा.

बाळ आलं. मुलगी. काळ्याभोर जावळाची, आल्या आल्या रागावलेली. नाळ कापली. वार पडली, साळवे सिस्टरांनी ती उलटसुलट करून तपासली, इंजेक्शन दिलं, शाल्मलीचा हात वृंदाताईच्या बेंबीखाली ठेवला. “हा गोळा लागतोय? नारळासारखा टणक? असाच राहिला पाहिजे. मऊ लागला की चोळायचा आणि मला हाक मारायची. इथून हलायचं नाही.” आणि त्या पलीकडच्या खाटेकडे गेल्या, तिथे एका बाईचं बाळ खांद्याशी अडलं होतं.

शाल्मली हलली नाही. हात जागच्या जागी होता. वृंदाताई डोळे मिटून पडली होती, छातीवर बाळ, आणि तिचा चेहरा जिंकून आलेल्या माणसासारखा थकलेला. नाही, जिंकून आलेल्या नको, फार वापरलेलं आहे. धुऊन वाळत घातल्यासारखा. हे बरं.

मग हाताखालचा गोळा मऊ झाला.

आणि शाल्मलीला ते कळलं. तिच्या लक्षात आलं नाही असं कुणी म्हणू नये. तिची बोटं हुशार होती, त्यांना बरोबर कळलं. पण डोकं लिहायला बसलेलं होतं, आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, मऊ म्हणजे कशासारखं? लोण्यासारखं नाही, लोणी फार गोड होतं. कापूस तर खोटाच. तिने बोट दाबून पाहिलं. भिजवून झाकून ठेवलेल्या कणकेसारखं. बोटाचा खळगा पडतो आणि सावकाश भरून येतो. हो, कणीक. नेमकं हेच. तिने ते मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हटलं.

“शालू,” वृंदाताई डोळे न उघडता म्हणाली, “थंडी वाजतेय गं.”

शाल्मलीने तिच्या अंगावरचं पांघरूण वर ओढलं. परिच्छेदाचा शेवट यावर करावा, असं तिला वाटलं.

पाखरला सगळं कधीचं कळलेलं होतं. आत रक्त साचत होतं, चादरीवर अजून थेंबही नव्हता. पण खाटेशी पाच बांगड्यांची मुलगी होती. तिला पुरेपूर वेळ द्यायचा होता. यंत्राने तो दिला.

शिट्टी वाजली तेव्हा वृंदाताईचे ओठ पांढरे झाले होते. मग साळवे सिस्टरांनी शाल्मलीला खांद्याने ढकललं आणि दोन्ही मुठींनी वृंदाताईचं पोट दाबलं, आणि जे आत साचलं होतं ते एकदम बाहेर आलं, आणि चादर, खाट, सिस्टरांच्या चपला, सगळं लाल. डॉक्टर आले. खाट धावत ऑपरेशनच्या खोलीत गेली. बाळ कुणीतरी शाल्मलीच्या हातात दिलं. ते तिच्याकडे बघत नव्हतं, छताकडे बघत होतं.

वृंदाताई वाचली. पिशवी काढावी लागली.

बाहेरच्या बाकावर शाल्मलीने आई-बाबांना सगळं सांगितलं. राखीव वेळ, बांगड्या, कणीक, सगळं. तिला लपवता आलं असतं, पण बाळ अजून तिच्याच मांडीवर होतं. बाबांनी ऐकून घेतलं आणि आधी मागे वळून पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही.

“हे इथंच संपलं,” ते म्हणाले. “भोईट्यांना कळता कामा नये. माहेरी धाडली ती आपल्या भरवशावर. काय तोंड दाखवू मी?”

“आणि ताईला?”

“तिला कशाला?” आईने बाळ आपल्याकडे घेतलं. “एकीचं तर झालं वाटोळं. तुझं पण करू?”

मनन चोवीस तासांच्या आत द्यायचं असतं. शाल्मलीने दिलं. एकही ओळ चोरली नाही. चार दिवसांनी साळवे सिस्टरांनी तिला बोलावलं आणि पानं टेबलावर ठेवली.

“पूर्ण गुण,” त्या म्हणाल्या. “आजवर पाखरनं कुणाला दिलेले नाहीत. राज्यातल्या सगळ्या केंद्रांवर पहिल्या वर्षाला हे वाचून दाखवणार आहेत. अर्थात बाळंतिणीचं नाव काढून. तुझी कॉलेजातली जागा पक्की झाली, अभिनंदन.”

शाल्मलीला वाटलं, त्या थट्टा करताहेत. त्या करत नव्हत्या.

“चौकशी नाही होणार?”

“कशाची? राखीव वेळ नियमात बसतेय. हिशेब सर्वसाधारण बाईचा. तुझ्या बहिणीचं रक्त सातव्या महिन्यापासून कमी होतं, तिला तेवढा वेळ परवडला नाही. कागदोपत्री चूक कुणाचीच नाही.”

“पण माझी आहे.”

“आहेच,” साळवे सिस्टर म्हणाल्या. “आणि आता तुझा हात जन्मात चुकणार नाही. त्या यंत्राचा हिशेब शंभर टक्के बरोबर निघाला. मला राग येतो तो त्याचाच.” त्यांनी पानं तिच्याकडे सरकवली. “तुझी प्रत. नियम माहीत आहे ना? वर्गाबाहेर एक ओळ वाचलीस तर शाखेतून नाव कमी, जागा रद्द. घरच्यांनासुद्धा नाही.”

बारा दिवसांनी भोईटे मंडळी बाळ बघायला आली. वृंदाताई आतल्या खोलीत खाटेवर, खाली शेगडी, खोलीभर ओवा आणि शेपांचा धूर. तिच्या सासूबाई निर्मलाबाई खुर्चीत बसल्या, बाळाच्या पायात चांदीचे वाळे घातले आणि चहाचा कप घेतला. दाजी, म्हणजे वृंदाताईचा नवरा, दाराच्या चौकटीला टेकून उभा.

“आम्ही तिकडं मोठ्या दवाखान्यात नाव घालणार होतो,” निर्मलाबाई म्हणाल्या. “पण माहेरची हौस.”

“हो ना,” आई म्हणाली.

“आता ही एवढी एकच. असू दे. लक्ष्मी आहे.” त्यांनी चहा फुंकला. “पण आमच्या घरात कुणाची पिशवी काढलेली नाही हो. माझ्या जाऊबाईंची पाच बाळंतपणं शेतावरच्या घरात झाली, कुठला पट्टा नि कुठलं काय. ही पहिल्यापासूनच अशी कच्ची होती का? लग्नात बोलला नाहीत ते.”

शाल्मली बशीत लाडू मांडत होती. आईने एकदा तिच्याकडे पाहिलं, मग खाटेकडे, मग चहाच्या कपाकडे.

“पहिल्यापासून नाजूकच,” आई म्हणाली. “लहानपणी सारखी आजारी. आम्हाला वाटलं होतं, लग्नानंतर सुधारेल.”

दाजी चौकटीपासून बाजूला झाला आणि बाहेर अंगणात गेला. वृंदाताईने बाळाला एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला घेतलं.

मंडळी गेल्यावर तिने शाल्मलीला हाक मारली. “दार लाव.”

शाल्मलीने लावलं.

“मी कधी आजारी होते गं? मला आठवतच नाही. शाळेत पूर्ण हजेरीचं बक्षीस मला मिळालंय, आईनेच भिंतीला लावलंय. मग ती असं का बोलली?”

“मला वाचवायला,” शाल्मली म्हणाली.

मग तिने सांगितलं. उभ्यानेच. खिडकीतला प्रश्न, पाच बांगड्या, पाखरचं गप्प बसणं. बाळ चुटूचुटू पीत होतं.

“त्यावर तू लिहिलंस?”

“हो.”

“आण.”

“ताई, नको.”

“माझ्याबद्दल आहे ना? आण आणि वाच. मोठ्यानं.”

शाल्मलीने दप्तरातून पानं काढली. वाचायला लागली. बोट धरल्याची ओळ आली, धुऊन वाळत घातलेला चेहरा आला. ती चांगलं वाचायची, वर्गात मनन वाचून वाचून सवय झाली होती, आणि स्वतःचाच आवाज चढउतार घेतोय हे ऐकून तिला शिसारी आली. तिने आवाज सपाट केला. कणकेशी आली, थांबली, वाचलं.

“थांब,” वृंदाताई म्हणाली. “कणीक. हे तुला नंतर लिहिताना सुचलं, की तेव्हाच?”

शेगडीतला निखारा तडकला.

“तेव्हाच.”

“माझ्या पोटावर हात असताना.”

“हो.”

“पुढे वाच.”

शाल्मलीने शेवटपर्यंत वाचलं. वृंदाताईने बाळाला खांद्यावर घेऊन थोपटलं, त्याने ढेकर दिला.

“छान लिहितेस,” ती म्हणाली. “खरंच. मी तुला लहानपणी निबंध लिहून द्यायचे, आठवतं? माझ्यापेक्षा छान.” मग म्हणाली, “मी इतके दिवस रोज आंघोळीला गेले की स्वतःच्या पोटाला शिव्या देत होते. आयत्या वेळी दगा दिलास म्हणून.”

“ताई…”

“रडू नकोस, मला तुझी समजूत काढायला वेळ नाही. ऐक. हे माझ्या सासूबाईंसमोर वाचायचं. यांच्यासमोरपण. असंच्या असं.”

“बाहेर वाचलं तर माझं नाव काढतील. जागा जाईल.”

“जाईल की.”

“आणि सासूबाई आई-बाबांना काय काय बोलतील.”

“बोलतील. आत्तापर्यंत मलाच बोलत होत्या ना? त्या घरात मला अजून चाळीस वर्षं काढायचीत शालू, कच्ची म्हणून. तू तर म्हणे हात सुधारून घेतलास. मला काय मिळालं, ते सांग.”

शाल्मलीने पानं दुमडली.

“मी जबरदस्ती करत नाही,” वृंदाताई म्हणाली. “खिडकीत तू ठरवलंस, आताही तूच ठरव. आणि वाचलंस म्हणजे मी माफ करेन, असं डोक्यात ठेवू नकोस. ते मी अजून ठरवलेलं नाही.”

दुसऱ्या दिवशी शाळेत शाल्मलीने रुकय्याला गाठलं. नळाशी रुकय्या बाटली भरत होती. आठवडाभराच्या अबोल्यानंतर आणि मग या सगळ्यानंतर कुठून सुरुवात करावी, हे दोघींनाही कळेना.

“मला कॉलेजची जागा लागलीय,” शाल्मली म्हणाली.

“ऐकलं. सगळ्या केंद्रांत वाचणार म्हणे.”

“नाव काढून.”

“तुझं की तिचं?”

“तिचं.”

रुकय्याने बाटलीचं झाकण लावलं. “म्हणजे ज्यांना ती कोण ते माहीतच नाही, त्या सगळ्यांना कळणार. आणि जिथे कळायला हवं तिथे नाही.” तिने खांदे उडवले. “मला खोलात लिहिता येत नाही बाई. मला आपलं असंच दिसतं.”

शनिवारी सकाळी बाबा ओट्याजवळच्या स्टुलावर बसून बसचा कसला तरी सुटा भाग पुसत होते. आई भाकरी थापत होती. दोघांनी मिळून शाल्मलीसाठी एक गोष्ट ठरवली होती आणि ती सांगायला ते तिची वाटच बघत होते. बारावी पुरी कर, कॉलेजची जागा घे, दूरच्या गावची घे. चार वर्षांत सगळे विसरतील. आईने भाकरी उलटता उलटता हे सांगितलं, प्रेमाने सांगितलं.

“जागा घेत नाही मी,” शाल्मली म्हणाली.

“का? सोडतेस शिकणं?”

“सोडत नाही. ते काढतील. काढलं की बाहेरून बारावी देईन आणि पुन्हा पहिल्यापासून भरती होईन, जिथे घेतील तिथे. एक बांगडी मागून.”

“काढायला काय झालंय तुला?” बाबांनी फडकं खाली ठेवलं. “शालू, काय केलंस?”

“अजून नाही केलं.” शाल्मलीने बाबांकडे पाहिलं. “उद्या दाजींच्या घरी जाणार. ताईबरोबर. सगळ्यांना समोर बसवून मनन वाचणार, पहिल्या ओळीपासून.”

आईचे हात पिठात थांबले. “आम्हाला मारायला निघालीस तू.”

“ताईला नाजूक म्हणालीस तेव्हा मी लाडू मांडत होते, आई. मांडतच राहिले. ते पण शेवटी जोडलंय मी, आज सकाळी.”

“माझं नाव आहे त्यात?”

“आहे.”

बाबा उठले, परत बसले. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती आणि कुणीच ती काढत नव्हतं. शाल्मलीने पुढे होऊन गॅस बंद केला.

“उद्या दहाला निघायचंय,” ती म्हणाली. “तुम्ही आलात तर बाबांच्या गाडीने जाऊ, बाळाला बरं पडेल. नाही आलात तर आम्ही दोघी एसटीने जातो.”